पॉड दर १५ सेकंदांनी, तरी लोकलची बरोबरी का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसीत) पॉड टॅक्सी येणार. सहा सीटची छोटी विनाचालक गाडी, दर १५ सेकंदांनी एक. लोकल किंवा मेट्रो तीन-चार मिनिटांनी येते. मग गाड्या बारा-पंधरा पट जास्त सुटत असतील, तर पॉडची क्षमता रेल्वेच्या आसपास का जाऊ नये? आणि दोन पॉडमधलं अंतर एक-दोन सेकंदांवर आणलं, तर यापुढे रूळ टाकायचेच कशाला?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझी वीस-बावीस वर्षं गाड्यांची टाइमटेबलं आणि सिग्नलिंगची सिम्युलेशन्स करण्यात गेली. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी हीच कल्पना नवं नाव लावून घेऊन येतं, आणि दर वेळी चित्रं आधीपेक्षा सुंदर असतात.

आधी साधा गुणाकार करू. १५ सेकंदांनी एक म्हणजे तासाला २४० पॉड. प्रत्येकात सहा जण, एकही सीट रिकामी नाही असं धरलं तर १,४४० माणसं. आमच्या धंद्यात याच आकड्याला किंमत: एका तासात, एका दिशेने, मार्गावरच्या सगळ्यात गर्दीच्या जागेवरून किती माणसं पुढे गेली. आम्ही त्याला पीएचपीडीटी म्हणतो. दिवसभराची एकूण प्रवासीसंख्या पेपरात छापायला बरी दिसते, पण व्यवस्था कोलमडते ती सकाळी नऊ ते साडेदहामध्ये, आणि तीही एकाच दिशेला.

आता लोकल घ्या. नऊ डब्यांच्या गाडीची कागदावरची क्षमता साधारण १,७०० धरत. म्हणजे तासाभराचे सगळे पॉड, गच्च भरलेले, एका नऊ डब्यांच्या लोकलमध्ये रिकामे केले तरी वर अडीचशे माणसांची जागा उरते. प्रत्यक्षात त्याच गाडीत गर्दीच्या वेळी साडेचार हजार माणसं असायची. रेल्वेने या अवस्थेला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव दिलंय: चौरस मीटरला १४ ते १६ माणसं. हा आकडा कौतुकाने सांगायचा नाही आणि डिझाइनमध्ये तर मुळीच धरायचा नाही. मेट्रोवाले चौरस मीटरला सहा धरतात, ओढूनताणून आठ. तरीही मेट्रो ३ ची आठ डब्यांची गाडी अडीच हजारांच्या आसपास माणसं घेते. तीन मिनिटांनी एक धरली तर तासाला ५० हजार. पॉडच्या जवळजवळ ३५ पट, आणि कुणी दाराला न लटकता.

यावर तुम्ही म्हणणार, मग १५ सेकंद कशाला, तीन करा, एक करा. इथे खरा विषय सुरू होतो.

प्रत्येक चालती गाडी आपल्यापुढे थोडी रिकामी जागा राखून चालते. ही जागा किती हवी याचा एक जुना, कडक नियम आहे: पुढची गाडी भिंतीसारखी जागच्या जागी थिजली, तरी मागच्या गाडीला न धडकता थांबता आलं पाहिजे. पॉडचा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. सगळे बसलेले असल्यामुळे ब्रेक जरा जोरात मारता येतो, उभ्या माणसांच्या गाडीपेक्षा दुपटीनेसुद्धा. हा पॉडचा खरा फायदा आहे, तो मान्य करू. तसा ब्रेक मारला तर थांबायला साधारण २५ मीटर लागतात. अडथळा ओळखून ब्रेक लागेपर्यंतचा अर्धा सेकंद म्हणजे आणखी साडेपाच मीटर. गाडीची स्वतःची लांबी चारेक मीटर. एकूण झाले ३४-३५ मीटर, वेळेत सांगायचं तर तीन सेकंदांच्या थोडं वर. जुलैतला पाऊस, झिजलेले टायर, सेन्सरवरची धूळ यांची सोय ठेवायची तर पाच-सहा सेकंद. पण तुमच्या बाजूने तीनच धरू. तासाला १,२०० पॉड. सगळे भरलेले असले तर ७,२०० माणसं.

हाच नियम लोकललाही आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने, तीन मिनिटांच्या अंतराने धावणाऱ्या दोन गाड्यांमध्ये तीन किलोमीटर पडतात. त्यात गाडी जेमतेम पाव किलोमीटर, बाकी मोकळा रूळ. बघायला उधळपट्टी वाटते. पण ती मोकळी जागा किती डोक्यांत वाटली जाते ते बघा. मेट्रोचे अडीच हजार धरले तर दर सव्वा मीटर रुळामागे एक माणूस पडतो. गच्च भरलेल्या पॉडमध्ये दर सहा मीटरला एक. आणि पॉडमध्ये सरासरी दीडच माणूस असेल तर २३ मीटरला एक. गाडी लहान केली म्हणून पुढची रिकामी जागा त्या प्रमाणात लहान होत नाही. सगळी मेख इथे आहे.

"पण मोटारी तर दोन सेकंदांच्या अंतराने धावतातच की!" हेही मला दर वेळी ऐकायला मिळतं. धावतात, आणि एकमेकांवर आदळतातही. एक्सप्रेसवेवरचे अपघात आपण मुकाट पचवतो. सार्वजनिक वाहतुकीत कुणी तसं पचवू देणार नाही, आणि देऊही नये. जपानमध्ये १९७० च्या दशकात सीव्हीएस नावाच्या प्रयोगात एका सेकंदाच्या अंतराने छोट्या गाड्या चालवून पाहिल्या होत्या. तिथल्या सरकारने थांबण्याच्या याच नियमावर बोट ठेवून परवानगी नाकारली. पॅरिसमध्ये 'अरामिस' होता: छोट्या गाड्या कपलिंग (डबे जोडणारा सांधा) न लावता, फक्त इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावर एकमेकींना चिकटून पळणार, फाटा आला की सुट्या होणार. वर्षानुवर्षं खपून १९८७ मध्ये तो गुंडाळला. गाड्या जवळ जवळ आणत गेलं की शेवटी त्यांची ट्रेनच होते, फक्त महाग कपलिंगची.

आता सीटबद्दल. सहा सीट म्हणजे सहा माणसं नव्हेत. पॉडची जाहिरातच अशी असते की थांबायचं नाही, अनोळखी माणसाशेजारी बसायचं नाही, थेट आपल्या ऑफिसच्या दारात उतरायचं. ऑफिसला जाणारा माणूस एकटा असतो. तो एकटाच बसला की सहाची गाडी एकाची झाली. सहा जण एकाच ठिकाणचे मिळेपर्यंत थांबवलंत, तर ती शेअर रिक्षा झाली. वांद्रे पूर्वेला सकाळी उभे राहा. तिथला रिक्षावाला "एक सीट, एक सीट" ओरडत तिसरा मिळाल्याशिवाय हलत नाही, कारण रिकामी सीट त्याच्या खिशातून जाते. सॉफ्टवेअरला ती कळकळ शिकवता येते, नाही असं नाही. पण मग 'आली की निघाली' हे वचन मोडतं.

तरीही मार्ग ही पॉडची सगळ्यात मोठी अडचण नाही. सगळ्यात मोठी अडचण आहे फलाट, आणि प्रेझेंटेशनमध्ये नेमकी तीच स्लाइड नसते.

पॉडचं स्थानक मुख्य मार्गाच्या बाजूला असतं. पॉड बाजूला येतो, एका ठरलेल्या जागी लागतो, माणसं चढतात, तो मागे किंवा पुढे सरकून पुन्हा मुख्य मार्गात घुसतो. त्या लागण्याच्या जागेला आम्ही बर्थ म्हणतो (झोपायची नव्हे). एका बर्थवर एक पॉड लागून सुटेपर्यंत किती वेळ? दार उघडलं. आतला उतरला, त्याची छत्री राहिली, तो परत वळला. बाहेरच्या बाई मोबाइलवरचा क्यूआर कोड दाखवताहेत. स्क्रीनचा उजेड कमी, तो वाढवताहेत. तिघं बसले, एकाची बॅग दारात अडकली, दार पुन्हा उघडलं. मग बंद झालं, पॉड हलला, पुढचा आत आला. चाळीस सेकंद धरले तर मी उदारच झालो.

आता वांद्र्याला एक लोकल लागली आणि बीकेसीकडे जाणारे चारशे जण पूर्वेला उतरले असं समजू. आकडा हिशोबापुरता घेतलाय. तिथे रोज उतरणारे त्याला कमीच म्हणतील. पॉडमागे तीन माणसं धरली तर १३३ पॉड हवेत. पुढची लोकल तीन मिनिटांनी आहे, म्हणजे हे सगळे तीन मिनिटांत निघाले पाहिजेत. एक बर्थ तीन मिनिटांत साडेचार पॉड सोडते. म्हणजे तीस बर्थ. एकेकीला चार मीटर दिले तर १२० मीटर लांब फलाट, शिवाय आत-बाहेर जायचे रॅम्प. वांद्रे पूर्वेला स्टेशनबाहेर तुम्ही ही जागा कुठे काढणार ते मला नकाशावर दाखवा. बरं, तीस बर्थ बांधल्याच, तरी १३३ पॉड तीन मिनिटांत म्हणजे सव्वा-दीड सेकंदाला एक. मार्गाची मर्यादा तीन सेकंदांची. तीन मिनिटांत ६० पॉड सुटतील, १८० माणसं जातील, २२० मागे राहतील, आणि तेवढ्यात पुढची लोकल लागेल. अर्ध्या तासाने रांगेत बावीसशे माणसं. आणि हे तीन सेकंदांच्या स्वप्नातलं झालं. जाहीर झालेल्या १५ सेकंदांच्या हिशोबात तीन मिनिटांत १२ पॉड सुटतात. सगळे भरले तरी चारशेतले ७२ जण जातील.

रेल्वे हे कसं निभावते? तिथे बारा डब्यांची सगळी दारं एकाच क्षणी कामाला लागतात. वीस-पंचवीस सेकंदांत शेकडो माणसं चढतात-उतरतात, कुणी क्यूआर दाखवत नाही, कुणासाठी दार पुन्हा उघडत नाही. (आपल्याकडे तर गाडी थांबायच्या आधीच निम्मे उतरलेले असतात. ते सिम्युलेशनमध्ये घालता येत नाही, घालूही नये.) तिकिटाची तपासणी, वाट बघणं, रांग, सगळं गाडीपासून दूर फलाटावर उरकलेलं असतं.

यात परतीचं ओझं मी धरलेलंच नाही. सकाळी सगळे वांद्र्याहून आत जातात, उलट फारसं कुणी येत नाही. पॉडने रिकामा रिटर्न मारायचा. तासाला चार हजार माणसं, पॉडमागे तीन, एक फेरी वीस मिनिटांची धरली तर साडेचारशेच्या आसपास पॉड एकाच वेळी मार्गावर हवेत. मग ते रात्री उभे कुठे करायचे, चार्ज कुठे करायचे, हा आणखी एक भूखंड. बीकेसीतला भूखंड.

हे सगळं वाचून मी पॉडच्या विरोधात आहे असं वाटेल. नाही. पॉड जिथे चांगले चालतात त्या जागा बघितल्या की कारणही दिसतं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ पासून टर्मिनल ५ आणि पार्किंगच्या दरम्यान २१ पॉड चालतात, मार्ग चार किलोमीटरच्या आतबाहेर. तिथे माणसं लोकलसारखी एका झटक्यात ओतली जात नाहीत. गाडी लावून, बॅगा काढून, दोघं-चौघं मिळून विखुरलेली येतात. रात्री उशिरा आलात तरी पॉड उभा असतो. तिथे बसपेक्षा पॉड बरा, यात शंका नाही.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनची व्यवस्था १९७५ पासून चालू आहे. विद्यापीठाचे विखुरलेले भाग जोडणारी पाच स्थानकं. तिथे तासिका सुटली की पोरांचा लोंढा येतो, अगदी आपल्या लोकलसारखा. मग ते काय करतात? गाडी सहाची नाही. आठ सीट आणि उभे मिळून वीसेक माणसं घेणारी. किमान अंतर १५ सेकंद, म्हणजे कागदावर तासाला ४,८००. आणि गर्दीच्या वेळी 'बटण दाबा, तुमची गाडी येईल' हा प्रकार बंद करून गाड्या ठरलेल्या वेळापत्रकाने सोडतात. म्हणजे जगातली सगळ्यात जुनी पॉड व्यवस्था गर्दी झाली की बससारखी वागते. ते लोक शहाणे आहेत. अबुधाबीतल्या मसदरमध्ये उलटं झालं: अख्ख्या शहराखाली पॉडचं जाळं घालायचं ठरलं होतं, २०१० मध्ये छोटासा तुकडा सुरू झाला आणि जाळं तिथेच थांबलं. लास वेगासच्या बोगद्यात २०२१ पासून मोटारी फिरतात. प्रदर्शन केंद्रातल्या त्या संपूर्ण व्यवस्थेचं उद्दिष्ट तासाला ४,४०० माणसांचं होतं. प्रदर्शनासाठी ठीक. दादरला तेवढी माणसं एका जिन्यावर असतात, असं मी वैतागून म्हणतो, मोजलेली नाहीत.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात: 'लहान' आणि 'स्वयंचलित'. स्वयंचलित असायला लहान असावं लागत नाही. दिल्ली मेट्रोची मजेंटा लाइन डिसेंबर २०२० पासून विनाचालक धावते. पॅरिसची १४ नंबरची लाइन ८५ सेकंदांच्या अंतरापर्यंत उतरते, भल्यामोठ्या गाड्यांसह. पण चालक गेला की एक चांगली गोष्ट होते, हे तुमचं बरोबर आहे: गाडी लहान ठेवून जास्त वेळा सोडली तरी पगाराचं बिल वाढत नाही. फ्रान्समधल्या लीलने १९८३ मध्ये, कोपनहेगनने २००२ मध्ये नेमकं हेच केलं. कोपनहेगनची गाडी ३९ मीटरची, तीनशे माणसांची, पण दिवसरात्र चालते. मला विचाराल तर 'लहान पण वारंवार' या कल्पनेची शहाणी मर्यादा इथे आहे. तीनशे, सहा नव्हे.

त्यातही फसायला होतं. लंडनची डॉकलँड्स लाइट रेल्वे १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हा एकेक सुटी गाडी धावायची. आसपास फारसं काही नव्हतं. मग तिथे कॅनरी वार्फचे ऑफिसांचे टॉवर उभे राहिले आणि फलाट आधी दोन गाड्यांचे, मग तीन गाड्यांचे करत बसावे लागले, तेही वाहतूक चालू ठेवून. बीकेसीबद्दल बोलताना मला ही लाइन कायम आठवते.

आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. १९ ऑगस्ट २०२५. पावसाने हार्बर लाइन बंद, सगळी गर्दी मोनोरेलकडे वळली. चार डब्यांची गाडी म्हैसूर कॉलनीजवळ अडकली आणि ५८२ माणसं शिड्या लावून उतरवावी लागली. गाडीची वजनाची मर्यादा १०४ टन, प्रत्यक्षात भरलं होतं १०९. मुंबईत छोटी व्यवस्था मोठ्या व्यवस्थेच्या शेजारी असते, आणि मोठी बंद पडली की तिचा सगळा भार छोटीवर येतो. पॉडचं तसं होणार नाही. सातवा बसला तर तो जागचा हलणारच नाही. पण मग लोक खाली रस्त्यावर साचतील.

बीकेसीत मी काय केलं असतं? जाहीर झालेला आराखडा ८.८५ किलोमीटर आणि ३८ स्थानकांचा आहे, म्हणजे सरासरी पाव किलोमीटरला एक थांबा. रेल्वेला हे कधीच जमणार नाही, पॉडला जमतं, कारण तो मधल्या थांब्यांवर थांबत नाही. तेव्हा त्याला संकुलाच्या आत फिरू द्या: मेट्रोच्या स्थानकापासून बँकेच्या दारापर्यंत, एका ऑफिसातून दुसऱ्या मीटिंगला, दुपारी जेवायला. वांद्रे आणि कुर्ला स्टेशनांचा सकाळचा लोंढा त्याच्या गळ्यात घालू नका. त्यासाठी स्वतंत्र लेन दिलेल्या बस; साठ माणसांची बस मिनिटाला एक सुटली तरी तासाला ३,६०० होतात. आणि चालायला जागा. रुंद, सावलीच्या पादचारी मार्गावर मीटरभर रुंदीतून सेकंदाला एक माणूस जाऊ शकतो. दाटी नको म्हणून निम्मा धरा. तीन मीटर रुंदीतून तासाला पाच हजारांच्या वर. १५ सेकंदांच्या पॉडच्या साडेतीन पटीहून जास्त, बिनबॅटरीचं. मुंबईतला पहिला स्कायवॉक २००८ मध्ये वांद्रे पूर्वेलाच उभा राहिला होता, आणि २०१९ मध्ये धोकादायक ठरून बंद झाला. कल्पना जुनीच आहे, निगा राखली नाही एवढंच.

तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात 'कमाल क्षमता तासाला १०,०००' असं लिहिलंय. ती दोन्ही दिशांची मिळून आहे का, आणि वांद्र्याच्या टोकाला बर्थ किती धरल्यात, एवढं बघून सांगा. बर्थचा आकडा नसेल तर फलाटाची लांबी पाठवा, त्यावरून काढता येईल.